लष्करी पेन्शन, अपंगत्वाचे पैसे, वर सरकारी नोकरी: एका माणसाला किती?

कोलशेतकर (धागाकर्ता)

अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या जीएओचा २०१४ सालचा एक अहवाल वाचनात आला. २०१३ या आर्थिक वर्षात तिथल्या ५९,२५१ माजी सैनिकांना एकाच वेळी तीन खिडक्यांवरून पैसे मिळाले: संरक्षण खात्याची निवृत्तीची पेन्शन, माजी सैनिक खात्याची अपंगत्वाची भरपाई आणि सोशल सिक्युरिटीची अपंगत्वाची रक्कम. बेरीज साधारण साडेतीन अब्ज डॉलर. यावर तिकडे बराच गदारोळ झाला.

हे वाचताना आमची घोडबंदर रोडवरची सोसायटी आठवली. तिथे एक निवृत्त हवालदार राहतात. सेवेची पेन्शन, अपंगत्वाची पेन्शन, सरकारी बँकेत क्लार्कचा पगार, औषधोपचार ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून आणि घराचा मालमत्ता कर माफ. मागच्या सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "हा पाच तोंडांनी जेवतो." मला ते अजिबात आवडलं नाही. पण हे बरोबर का आहे असं कुणी विचारलं असतं तर मला धड सांगताही आलं नसतं.

म्हणून विचारतो. एका माणसाने हे सगळं घ्यावं का? 'जवान आहे म्हणून काहीही' आणि 'आमच्या करातून' ही दोन्ही वाक्यं कृपया टाळा. नियम माहीत असलेल्यांनी लिहा.

पाचपाखाडीचा पोपट

दोन्ही वाक्यं टाळायची तर धागा चौथ्या प्रतिसादात आटपेल. तरी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कळवा लोकल

मी लिहितो, पटणार नाही कुणाला. तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. सार्वजनिक बँकांत क्लार्कच्या जागांत साडेचौदा टक्के आणि शिपायांच्या जागांत साडेचोवीस टक्के, त्यातले साडेचार टक्के अपंग माजी सैनिक आणि कामी आलेल्यांच्या घरच्यांसाठी. वयातही सूट. ज्यांना आधीच पेन्शन चालू आहे त्यांना पगारही आणि आमच्या घरात एकही पगार नाही, तर मला प्रश्न पडणारच. आणि माणूस अपंग आहे म्हणून पेन्शन घेतो, मग आठ तास काउंटरवर बसून काम कसं करतो? दोनातलं एक काहीतरी खोटं असणार ना?

सैनिकांबद्दल आदर आहे. मामा सीआरपीएफमध्ये आहे. त्याला यातलं निम्मंही नाही, तेही लिहून ठेवतो.

माजी तोफची, ऐरोली

कळवा लोकल, राग नाही. तुझ्या वयाचा मुलगा घरात आहे, तोही हेच बोलतो. मी धागाकर्त्यांच्या त्या हवालदारासारखाच, फक्त सोसायटी वेगळी. तेव्हा हिशोब मांडतो.

आकडे सोपे घेतो. शेवटचं मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेची वेगळी रक्कम) धरून, समजा ४०,०००. सेवेची पेन्शन त्याच्या निम्मी, २०,०००. ही बोटं शाबूत असलेल्यालाही मिळते, हात गेलेल्यालाही. ती वर्षांची आहे. तिच्यावर आवाज उठवायचा तर सगळ्याच पेन्शनवर उठवावा लागेल.

दुसरा भाग अपंगत्वाचा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाचे ३० टक्के, म्हणजे या उदाहरणात १२,०००. मला लष्कराच्या मेडिकल बोर्डाने तीस टक्के दिले, दोन्ही कानांसाठी. बोफोर्स तोफेजवळ नोकरी केली की कान जातातच, आमच्या वेळी कानात कापूस घालायचो. तीस टक्क्यांचे खरे तर ३,६०० होतात. पण ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५ धरायचं आणि त्यावर १०० असा नियम आहे, आमच्यात त्याला राउंड ऑफ म्हणतात. म्हणून ६,०००. वर महागाई भत्ता. हा राउंड ऑफ १९९६ पासून फक्त बोर्डाने मध्येच घरी पाठवलेल्यांना होता. नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना तो मिळावा हे सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सांगितलं. तोवर आमच्यासारख्यांनी लष्करी ट्रिब्युनलच्या पायऱ्या झिजवल्या.

आता काउंटरचा प्रश्न. ते सहा हजार 'काम जमत नाही' याचे नाहीतच बाळा. ते कानांचे आहेत. मी काम केलं म्हणून कान परत येत नाहीत आणि घरी बसलो म्हणून जास्त जात नाहीत. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. त्यांना तू विचारशील का, की पोहता तर मग अपंग कसे?

आणि शिपाई घरी येतो तेव्हा त्याचं वय पस्तीस-चाळीसच्या आसपास असतं. पोरं पाचवी-सहावीत. त्याच वयात तुझ्या मामाच्या नोकरीची अजून वीस वर्षं असतात. आम्हाला दुसरी नोकरी शोधावीच लागते, ऐरोलीत भाडं माफ नाही.

कळवा लोकल

@माजी तोफची, काका, 'बाळा' चालेल. पण दुसऱ्या नोकरीचीही पेन्शन मिळणारच ना पुढे?

माजी तोफची, ऐरोली

नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर, राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर आणि बँकांत १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस म्हणजे अंशदायी पेन्शन. पगारातून कापतात तेच पुढे वाढून येतं, बँक तिचा वाटा घालते. ज्यांना जुनी दुसरी पेन्शन मिळाली ते बहुतेक आता सत्तरीत आहेत. आणि एकदा माजी सैनिक कोट्यातून केंद्राच्या नोकरीत रुजू झालो की तो कोटा पुन्हा पुन्हा वापरता येत नाही.

तपासनीस

लेखापरीक्षणात हयात गेली, संरक्षण खात्याच्या नव्हे. तरी थोडं थंड डोक्याने.

दोन पैसे एकत्र आले म्हणजे दुबार झाले, असं लेखापरीक्षणात धरत नाहीत. एकाच कारणासाठी दोनदा दिले तरच आक्षेप निघतो. माजी तोफचींच्या मांडणीत तसं काही दिसत नाही. पुन्हा नोकरी देताना पगार ठरवण्याचे केंद्राचे १९८६ चे आदेश आहेत. त्यात अधिकाऱ्याच्या पेन्शनचा ठरावीक भाग सोडून बाकीची पगारातून वजा होते. हा सोडायचा भाग आधी ४,००० होता, सातव्या वेतन आयोगानंतर १५,००० झाला. जवान, एनसीओ, जेसीओ (हवालदार, सुभेदार असे अधिकारी पदाच्या खालचे) यांची सगळी पेन्शन बाजूला ठेवतात. म्हणजे सरकारने हा विचार केलेला आहे, आणि खालच्या हुद्द्यांच्या बाजूने केलेला आहे. यावर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. कॅगने २०२३ साली मांडलेला अहवाल पाहा. दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांपैकी अपंगत्वाची पेन्शन मिळणारे अधिकारी ३६ ते ४० टक्के आणि जवान १५ ते १८ टक्के. चौकीवर उभा राहतो जवान, बोजे उचलतो जवान, आणि अपंगत्व दुपटीने अधिकाऱ्यात? त्यातला मोठा भाग रक्तदाब, मधुमेह असल्या विकारांचा.

आणि रक्कम वेतनाच्या टक्क्यांत असल्यामुळे तोच रक्तदाब हुद्द्याप्रमाणे महाग होतो. माजी तोफचींच्या कानांचे ६,०००. दोन लाख वेतनावर निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच राउंड ऑफने ३०,०००. सातव्या वेतन आयोगाने यासाठीच ठोक रक्कम सुचवली होती: शंभर टक्क्यांना अधिकाऱ्यास २७,०००, जेसीओला १७,०००, जवानास १२,०००. तीस हजार वेतनाच्या शिपायाला टक्क्याच्या पद्धतीत ९,००० बसतात. म्हणजे ठोक रकमेत त्याचं भलंच होतं. पण विरोध झाला आणि २०१७ मध्ये सरकार परत टक्क्यांवर आलं. विरोध कोणत्या हुद्द्यांतून जास्त जोरात झाला असेल, हे वाचकांनी ओळखावं.

सीवूड्सवाली

तपासनीस काका, ओळखायचं कशाला, सरळ लिहा ना. मी अधिकाऱ्याची बायको आहे आणि ज्या 'असल्या विकारां'बद्दल तुम्ही लिहिताय त्यातला एक माझ्या नवऱ्याला आहे.

ठोक रकमेला विरोध झाला कारण सरकारी नागरी कर्मचाऱ्यांना कामावर अपंगत्व आलं तर त्यांची रक्कम टक्क्यांतच राहणार होती. सेनेतल्या माणसाला ठोक आणि बाबूला टक्के, हे कुठल्या न्यायात बसतं? तुमच्या पोस्टमध्ये हे वाक्य नाही.

दुसरं. भरती होताना यांची तपासणी डोळ्यांपासून नखांपर्यंत होते. तेव्हा काही नाही. मग पंधरा वर्षांत दहा बदल्या, त्यातल्या अर्ध्या कुटुंबाशिवाय, झोप नाही, फोन वाजला की उठायचं. यातून रक्तदाब सुरू झाला तर तो 'जीवनशैलीचा'? ती जीवनशैली कोणाची, यांची की सेनेची? सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हेच सांगितलं: भरतीच्या वेळी नोंद नसेल, तर आजार नोकरीमुळे झाला असं धरायचं, तसं नाही हे खात्याने दाखवायचं. आता २०२३ च्या सप्टेंबरात नवे नियम आणून ते सगळं आवळलंय.

आणि जवानांत प्रमाण कमी, कारण जवान तिशी-चाळिशीत बाहेर पडतो आणि अधिकारी चोपन्नाव्या वर्षी. आमच्या शेजारी पन्नाशी ओलांडलेले सगळे आयटीवाले गोळ्या घेतात, त्यांचं प्रमाण कोणी काढलं का?

तपासनीस

सीवूड्सवाली, नागरी कर्मचाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे, मी तो लिहायला हवा होता असं तुम्ही म्हणणार, म्हणा. वयाचा मुद्दाही धरतो. पण तो मान्य केला तर दुसरीकडून अडचण होते. आयटीवाल्यालाही त्या वयात रक्तदाब होतो म्हणजे वयाने होतो. मग नोकरीची भरपाई कशाची?

सीवूड्सवाली

आयटीवाला सियाचीनला जाऊन आलेला नसतो याची.

पाचपाखाडीचा पोपट

पॉपकॉर्न संपले.

डॉक्टर, घंटाळी

दोन्ही बाजूंचं वाचून राहवलं नाही. आजार 'नोकरीमुळे झाला' आणि 'नोकरीमुळे वाढला' असे दोन दरवाजे नियमात आहेत आणि दुसरा मुद्दामच रुंद ठेवलाय. रक्तदाबाचं कारण एका माणसात नेमकं सांगणं मला ओपीडीत जमत नाही, बोर्डालाही जमत नसणार. म्हणून कोर्टाने शंकेचा फायदा सैनिकाला दिला. वैद्यकीय दृष्टीने यापेक्षा चांगला नियम मला सुचत नाही. पण मग शंकेचा फायदा दिलेल्या आजारालाही राउंड ऑफ करून वीसचे पन्नास का करायचे, हे मात्र कळलेलं नाही. पाय गेलेल्या माणसाचे टक्के मोजता येतात. राउंड ऑफचा सर्वांत मोठा लाभ वीस टक्केवाल्याला, म्हणजे सर्वांत कमी त्रास असणाऱ्याला होतो. ५० चे ७५ करताना पंचवीस टक्के वाढतात, २० चे ५० करताना तीस.

कळवा लोकल यांच्यासाठी एक वेगळी माहिती. मेडिकल बोर्डाचे टक्के आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) कार्डावरचे टक्के यांचा परस्पर संबंध नाही. पेन्शनला किमान २० लागतात. दिव्यांग म्हणून नोकरीतलं चार टक्के आरक्षण मिळायला २०१६ च्या कायद्याप्रमाणे किमान ४० लागतात, आणि तेही त्यातल्या एकवीस प्रकारांत बसलं तर. रक्तदाब त्या यादीत नाहीच. माझ्याकडे असे माजी सैनिक येतात, हातात पीपीओ (पेन्शनचा आदेश), 'डॉक्टर यावर पन्नास लिहिलंय, कार्ड द्या'. मला नाही म्हणावं लागतं. तेव्हा एक कागद मिळाला की पाच खिडक्या आपोआप उघडतात हे खरं नाही. दर खिडकीवर वेगळी तपासणी आहे.

व्हर्जिनियातला ठाणेकर

मूळ अहवालाबद्दल थोडं, कारण तो नेहमी अर्धाच सांगितला जातो.

इथे १८९१ पासून कायदाच होता की निवृत्त सैनिकाला लष्करी पेन्शन आणि अपंगत्वाची भरपाई पूर्ण एकत्र घेता येणार नाहीत. जेवढी भरपाई घेशील तेवढी पेन्शन कमी, डॉलरला डॉलर. म्हणजे पाय गमावलेल्याच्या भरपाईचे पैसे एका परीने तो स्वतःच्याच पेन्शनमधून द्यायचा. २००४ पासून हे बदललं, तेही किमान वीस वर्षं सेवा आणि किमान ५० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी. दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने, २०१४ ला पूर्ण. तो अहवाल नेमका तेव्हाच आला हा योगायोग नसावा.

तिसरी खिडकी सोशल सिक्युरिटीची. ती करातून नव्हे, पगारातल्या कपातीतून चालते आणि सैनिकांचीही कपात १९५७ पासून होते. त्यातही गंमत अशी की माजी सैनिक खातं सरासरी कमाई किती घटेल ते टक्क्यांत मोजतं, सोशल सिक्युरिटी विचारते की कुठलंही ठीकठाक काम जमतं की नाही, हो किंवा नाही. माझ्या ओळखीत एक जण तिन्ही घेतो. इराकमध्ये मेंदूला मार बसलेला, गाडी चालवू शकत नाही. त्याला 'तीन ठिकाणचे पैसे खाणारा' म्हणणाऱ्याने त्याच्या घरी एक दिवस काढावा. पण हेही खरं की यादीत सगळेच तसे नसणार, आणि त्या अहवालाचा बराच जोर नियमांचं एकमेकांशी असलेल्या नात्यावर होता, माणसांच्या लबाडीवर नाही.

कोलशेतकर

ही सगळी माहिती माझ्या मूळ प्रश्नापेक्षा फार पुढे गेली, आभार. म्हणजे मूळ वाद बेरजेचा नाहीच, बोर्डाने टक्के कसे दिले याचा आहे, असं दिसतंय. आयकराच्या माफीचं काय? तीही हुद्द्याप्रमाणेच वाढते ना?

तपासनीस

अचूक बोट ठेवलंत. अपंगत्व असेल तर सेवेची आणि अपंगत्वाची, दोन्ही पेन्शन आयकरमुक्त ही इंग्रजांच्या काळापासूनची सवलत. ४०,००० वेतनाच्या हवालदाराला तिचा उपयोग जवळपास शून्य, कारण तो पेन्शनवर तसाही कर भरत नाही. मोठ्या पेन्शनला ती खूप मोठी. २४ जून २०१९ च्या परिपत्रकात आयकर खात्याने ही माफी फक्त बोर्डाने सेवेतून बाहेर काढलेल्यांपुरती ठेवायचं ठरवलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. माझं मत विचाराल तर लढाईतल्या जखमेला माफी असावी, हुद्दा कुठलाही असो. बाकीच्यांना नको.

माजी तोफची, ऐरोली

साहेब, इथे मी तुमच्या विरोधात. लढाईच्या जखमेला आधीच दुप्पट आहे, निवृत्त होताना ३० ऐवजी ६० टक्के. ते योग्यच. पण सरावात तोफेच्या पट्ट्यात ज्याची बोटं गेली तो लढाईत नव्हता. पोखरणचा सराव असला म्हणून बोटं कमी दुखत नाहीत. लढाई आणि बाकीचे अशी रेघ ओढली की मधले मरतात. ओढायची असेल तर जखम आणि आजार अशी ओढा, मग मॅडम मला शिव्या देतील.

सीवूड्सवाली

शिव्या नाही देत दादा. पण यांचा मित्र सियाचीनहून उतरला तो फुप्फुसांत पाणी घेऊन. जखम की आजार?

माजी तोफची, ऐरोली

खरंय. ती जखमच.

नेरूळ सेक्टर

'किती घ्यावं' यावर इतकं झालं, ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्याबद्दल एक शब्द नाही म्हणून लिहितो. एनडीए किंवा आयएमए या लष्करी प्रबोधिन्यांत प्रशिक्षणात पाठीचा कणा मोडलेला कॅडेट माजी सैनिक धरला जात नाही, कारण त्याला कमिशन मिळालेलं नसतं. पेन्शन नाही, दरमहा सानुग्रह रक्कम, बस. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठे त्यांना ईसीएचएस उघडलं. अग्निवीराचंही तसंच. सेवेमुळे अपंगत्व आलं तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख एकरकमी. पेन्शन नाही. तेविसाव्या वर्षी एक पाय आणि हातात ४४ लाख, ठाण्यात त्यात वन बीएचकेही येत नाही. पाच तोंडांवाल्या हवालदाराची पिढी संपत आली म्हणायचं.

कळवा लोकल

हे माहीत नव्हतं. अग्निवीरचा फॉर्म भरायचा विचार वर्षभरापूर्वी केला होता.

बाय द वे काका, माझा मुद्दा अजून तिथेच आहे. पेन्शनवर महागाई भत्ता आणि पगारावरही महागाई भत्ता, दोन्हीकडे एकाच महागाईची भरपाई. ते तरी दुबार आहे की नाही?

तपासनीस

नियमात आहे. पगार ठरवताना पेन्शन जमेस धरली तर पेन्शनवरची महागाई बंद. ज्यांची पूर्ण पेन्शन बाजूला ठेवतात, म्हणजे अधिकारी पदाच्या खालचे, त्यांना १८ जुलै १९९७ पासून दोन्ही मिळतात. दुबार म्हणाल तर मी हो म्हणेन. महागाई दोन्ही रकमांना खाते, त्यामुळे अगदी छातीठोकपणे नाही.

संपादक मंडळ

अग्निवीर योजनेवर पक्षीय वाद सुरू करणारे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी राजकारण विभागात आधीच धागा आहे.

कोपरीकर

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. वडील लष्करातून निवृत्त होऊन राज्य सरकारच्या एका खात्यात लागले, तिथूनही पेन्शनवर निवृत्त. २००९ ला गेले. आईला तेव्हा सांगितलं की दोन कुटुंब पेन्शन मिळत नाहीत, एक निवडा. तिने खात्याची निवडली, लष्कराची सोडली. कोणी म्हणतं आता दोन्ही मिळतात. खरं का?

माजी तोफची, ऐरोली

खरं. नियम बदललाय आणि लाभ २४ सप्टेंबर २०१२ पासून आहे. निधन त्याआधीचं असलं तरी चालतं, फक्त पैसे त्या तारखेपासूनचे. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज तिथून लिहून देतात. डिस्चार्ज बुक, दोन्ही पीपीओ, मृत्यूचा दाखला आणि राज्याच्या खात्याकडून पेन्शनचा दाखला. डिस्चार्ज बुकात आईचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना ते आधी बघा, नव्वद टक्के अर्ज तिथेच अडकतात. स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर नाव चढायला वेळ लागतो, मागे लागावं लागतं.

कोपरीकर

डिस्चार्ज बुकात आईचं माहेरचं नाव आहे.

माजी तोफची, ऐरोली

मग आधी प्रतिज्ञापत्र आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधला बदल नोंदवणारा लष्करी आदेश. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नमुना पाठवतो. शनिवारी संध्याकाळी बँक सुटली की फोनवरही बोलू, फक्त मोठ्याने बोलावं लागेल.